चोवीस अंगुळांचं झाकण

मला हातात घेणारा आधी उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, हा कसला खोका, याला ना झाकण, ना टोकाच्या भिंती. अहो, मी खोका नाहीच. मी साचा आहे. एक तळ, दोन भिंती आणि भिंतींना तिरप्या खाचा. माझ्यात लाकडाची पट्टी ठेवायची, खाचेत करवत घालायची आणि ओढायची. पट्टीचं टोक तिरपं कापलं जातं, आणि अशी दोन टोकं भिडवली की नेमका काटकोन होतो. एवढंच माझं काम, पण त्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

शहाण्णव साली नाशिकच्या इंदिरानगरात एका बाल्कनीत यज्ञेश्वरकाकांनी मला सागाच्या जुन्या पाटातून घडवलं. घराणं पंचवटीतल्या पुरोहितांचं, स्वतः मात्र कचेरीत नोकरीला, आणि रविवारी मधमाश्यांच्या पेट्या करायचा नाद. पेटीच्या झाकणाचे कोपरे तिरपेच जोडायचे, नाहीतर लाकडाचं तोंड उघडं राहतं आणि पावसाळ्यात पाणी पितं, हे ते कुणी न विचारता सांगत.

एक खोड मात्र होती. टेप त्यांना चालत नसे. वडील होमकुंड आखताना यजमानाच्या बोटांनी मोजत, तसे हे पेट्या स्वतःच्या बोटांनी मोजत. डाव्या हाताची चार बोटं पट्टीवर टेकवायची, पेन्सिलीनं रेघ, की पुढे पुन्हा चार बोटं. उजवी बोटं करवत धरून जाडावली होती, म्हणून माप कायम डाव्याचं. एका बोटाची जाडी म्हणजे एक अंगुळ, आणि झाकण आतून चोवीस अंगुळं. त्यांच्या पत्नी सुधाकाकू या मोजणीला हसायच्या, पण पेट्या चोख बसत.

दोन हजार तीनच्या थंडीत काकांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला. तो ते शालीखाली झाकून ठेवू लागले, आणि मला माळ्यावर टाकायला लावलं. मला फार वाईट वाटलं.

थंडी सरता सरता नामपूरहून भागीबाईंचा भाऊ गोरक्ष आला. काकांची एक पेटी भागीबाईंच्या शेतात होती. तिथे त्या बियाण्याचा कांदा घेत. त्याच्या पांढऱ्या गोंड्यांवर माशी बसली तरच बी भरतं, आणि पेटी येण्याआधी त्यांचे गोंडे फोल जात. आता ऐन फुलोऱ्यात बैलानं लाथ मारून झाकणाचा चुरा केला होता. घर उघडं पडलं की या माश्या उठून जातात.

काकूंनी मला खाली काढलं. चोवीस अंगुळं त्यांना पाठ होती. स्वतःची बोटं टेकवून त्यांनी मोजलं, मी कोन दिला, झाकण झालं. गोरक्ष ते घेऊन गेला आणि दोन दिवसांत परत आला. झाकण बगलेत, एक डोळा सुजून बंद.

"काकू, झाकन बसत नाय, लय लहान होतंय. मोजाया गेलो तं माशी डसली, हे आसं. वर पोतं टाकलंय, पन माश्या आता ऱ्हात नाय."

काकूंनी आपली बोटं निरखली. मग त्या माझ्यासकट काकांच्या खाटेशी जाऊन बसल्या.

"अहो, हात द्या. डावा."

"तो मेलाय," काका म्हणाले.

"जाडी तर तीच आहे ना? पेटीचे यजमान तुम्ही. माझ्या अंगुळांनी झाकण कसं बसेल?"

काकांनी उजव्या हातानं स्वतःच शाल बाजूला केली. माप टिकावं म्हणून काकूंनी ती बोटं माझ्या तळावर ठेवली आणि रेघ मारली. पुन्हा ठेवली, पुन्हा रेघ. शेवटच्या दोन रेघा काकांनी स्वतः मारल्या, उजव्या हातानं. तो गार हात माझ्यावर टेकलेला मला आजही जाणवतो.

त्या रेघांच्या मापानं काकूंनी पट्ट्या कापल्या, आणि झाकण बसलं. त्या वर्षी भागीबाईंनी कांद्याचं बी मूठभर पुडीत बांधून पाठवलं, आणि काकांनी ते डाव्या तळहातावर ओतायला लावलं. शाल त्यानंतर खांद्यावरच राहिली.

काका दोन वर्षांनी गेले. मी आता दिवाणखान्यात असतो. मुलगा मयुरेश मला घासून, पॉलिश करून शोभेला मांडायचं म्हणतो. बाबा रे, भिंती खुशाल घास, खाचाही चकचकीत कर. तळाला तेवढा पॉलिश पेपर लावू नकोस. दुपारी घर रिकामं असलं की तुझी आई त्या रेघांमध्ये आपली बोटं ठेवून बसते, आणि तिची बोटं अजून तिथे पुरत नाहीत.