नाव कोणाच्या नावावर

“ते सगळं बराबर. पण नाव कोणाच्या नावावर राहील?” हिलाल बडगुजरने पुन्हा विचारलं.

समोर बसलेला चिरागभाई मनापासून हसला. रिंग रोडवरच्या कापड मार्केटच्या वरच्या मजल्यावर त्याचं थंडगार ऑफिस होतं. “अरे काका, आप पिकर का धंदा संभालो ना! नाम-बाम का टेन्शन हमारे पे छोड दो. आपको तो खाली चेक देने का.”

बोलता बोलता त्याने कॉम्प्युटर हिलालच्या मुलीकडे वळवला. “बेन, टाईप करो. देखते हैं, खाली है क्या.”

हर्षदाने इंग्रजीत ‘अनुसया’ लिहिलं, पुढे टिंब आणि कॉम लावलं. थोड्या वेळाने पडद्यावर उत्तर आलं. नाव मोकळं होतं. हर्षदाचा चेहरा फुलला. हिलालला मात्र खुर्चीत नीट बसवेना. सोयरीक पसंत आहे, पण मुलाकडचे घर दाखवायला टाळाटाळ करताहेत, अशा वेळी होतं तसं त्याला होत होतं.

“घरी विचारून सांगतो,” तो उठत म्हणाला.

“पूछना क्या है काका? आज खाली है, कल की गॅरंटी नहीं.”

हिलाल मूळचा पारोळ्याकडचा. मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आला, लूम चालवला, मग लूम दुरुस्त करू लागला आणि शेवटी गोडादऱ्यात पत्र्याची शेड टाकून पिकर बनवायला लागला. मागावर धोट्याला दिवसभर इकडून तिकडे ठोकर मारतो तो पिकर. म्हशीच्या चामड्याचे पट्टे दाबून करायचा आणि तेलात मुरवायचा. कमी मुरला की तडकतो, जास्त मुरला की लिबलिबीत होतो. तो नेमका कधी बाहेर काढायचा हे हिलालची बायको अनुसया ठरवायची. हात तेलात घालून, पिकर अंगठ्याने दाबून ती म्हणायची, “आते काढा.” म्हणून मालाला तिचंच नाव दिलं होतं, आणि लाकडी खोक्यांवर ते इंग्रजीत छापायचं कामही तीच करायची. चौथी शिकलेल्या अनुसयेला इंग्रजी अक्षरं आली ती या खोक्यांमुळे.

त्या वर्षी, म्हणजे नव्व्याण्णव साली, अहमदाबादच्या प्रदर्शनात केनियातल्या एका गिरणीचा खरेदीदार भेटला. तो म्हणाला, तुमच्या नावाचा हलका माल आमच्याकडे यायला लागलाय. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असतो. तुम्ही इंटरनेटवर तुमचं पान उघडा, त्याचा पत्ता खोक्यावर छापा. खरा माल हवा असेल तो शोधत येईल.

म्हणून हा सगळा खटाटोप चालला होता.

परतताना रिक्षात हर्षदा म्हणाली, “आप्पा, तुम्ही उगाच शंका काढता. तो सगळं करून देतोय. नाव, पान, ईमेल, सगळं.”

“मला एक सांग. हे नाव नोंदवतो कोण?”

“रजिस्ट्रार.”

“म्हणजे आपला दस्त करतो तो? सरकारी?”

“नाही हो. खासगी कंपन्या असतात, बहुतेक अमेरिकेत. त्यांच्या वतीने इथले लोक काम करतात.”

“आणि उद्या त्याने दुकान बंद केलं तर?”

हर्षदा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती, कॉम्प्युटरचा कोर्सही तिने केला होता, पण तिलाही ते माहीत नव्हतं.

हिलालने त्याला येत होतं ते केलं. मुलगा बघायचा तर आधी तिऱ्हाइताकडे चौकशी करावी, हा त्याच्या वडिलांचा धडा. सुरतेतच पर्वत पाटियाला त्याचा जुना सोबती पंडित याचं साडीच्या लेसचं दुकान होतं. त्याचं इंटरनेटवरचं पान चिरागभाईनेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हिलाल तिथे जाऊन बसला.

“एक नंबर मानूस!” पंडितने चहा मागवला. “मन्हं पान उघडं का बासरी वाजस, माहीत शे का? दिवाळीले मिठाई बी धाडस तो.”

“ते छान. मन्हं एक काम कर. त्याले फोन लाव नि इचार, उद्या मी दुसराकडे काम दिधं तं मन्हं नाव माले परत देशी का?”

“असं इचारनं बरं दिसस का?”

“दुकानदार शे ना तू? गिऱ्हाईक कापडना रंग जाई का म्हनीसन इचारस, तं तुले राग येस का?”

पंडितने कुरकुरत फोन लावला, स्पीकरचं बटण दाबलं आणि विचारलं. पलीकडून चिरागभाईचा तोच गोड आवाज आला. “अरे पंडितकाका, तमे क्यां जवाना? नाम तो अमारी कंपनीना नामे छे. एकदम सेफ!”

“तुमच्या कंपनीच्या? पण दुकान तर माझं आहे!”

“दुकान तमारुं ज छे ने, काका! नाम अमे साचवीए छीए.”

आम्ही सांभाळतो, तो म्हणाला, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं हे आवाजावरून कळत होतं. फोन ठेवल्यावर पंडित बराच वेळ लेसचं एक रीळ उगाच उलगडत आणि गुंडाळत राहिला. चहा आला तो दोघांनी घेतला. मित्राला विनाकारण दुखावलं असं हिलालला वाटलं. पण निघताना पंडितच म्हणाला, “बरं झायं इचारं ते. तुले दुसरा कोनी भेटी ग्या तं माले बी सांगजो.”

दुसरं कोणी शोधायला हर्षदाला दोन-तीन दिवस लागले. अमेरिकेच्या कंपन्यांना थेट पैसे भरायला क्रेडिट कार्ड हवं होतं, ते घरात कुणाकडेच नव्हतं. शेवटी कॉलेजच्या सरांनी पुण्याचा एक नंबर दिला. अपर्णा देवधर नावाच्या बाईंचं लहानसं ऑफिस होतं. त्या एका अमेरिकन रजिस्ट्रारतर्फे नावं नोंदवून देत. शेडमधल्या फोनवरून हिलालने स्वतःच बोलायचं ठरवलं. शुद्ध बोलायचं म्हणून त्याने आधी घसा साफ केला.

“मॅडम, नाव कोणाच्या नावावर राहील?”

“तुमच्या,” पलीकडून लगेच उत्तर आलं. “आमचं नाव फक्त मदतनीस म्हणून लागेल. नको असेल तर तेही काढता येतं.”

“आणि आमचं-तुमचं जमलं नाही तर?”

“तर तुम्ही दुसरीकडे जा. थोडी कागदपत्रं, थोडा वेळ. मी अडवू शकत नाही.”

“तुमचं ऑफिस बंद पडलं तर?”

“पडूही शकतं, काका. आम्ही दोघीच आहोत. पण नोंद तिकडे तुमच्या नावाने असेल आणि चावी, म्हणजे गुप्त शब्दही, तुमच्याकडे असेल. ती अमेरिकेतली कंपनीच बुडाली तर काय होईल, हे मात्र मला नक्की माहीत नाही. विचारून सांगू शकते.”

‘माहीत नाही’ हे शब्द ऐकले आणि हिलालचा जीव भांड्यात पडला. आपल्या धंद्यात जो म्हणतो की माझा पिकर कधीच तुटत नाही, त्याच्याकडून कोणी माल घेऊ नये, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“मग घ्या आमचं काम,” तो म्हणाला.

पण दुपारी बाईंचा फोन आला तो हर्षदाने घेतला. रिसीव्हरवर हात ठेवून ती वडिलांकडे वळली.

“आप्पा, नाव गेलं. या आठवड्यातच कोणीतरी घेतलंय. पत्ता सुरतचा आहे. रिंग रोडचा.”

हिलालने फोन घेतला. बाई म्हणाल्या की भांडता येईल, पण ते भांडण परदेशात होईल, वर्ष जाईल, आणि ‘अनुसया’ काही एकाच माणसाचं नाव नाही, म्हणून जिंकाल असं मी सांगू शकत नाही. भांडू नका असं मी म्हणेन, पण नाव तुमचं आहे, तुम्हीच ठरवा.

हर्षदाचे डोळे भरून आले होते. “मीच टाईप केलं त्याच्यासमोर. माझ्यामुळे गेलं.”

“तू नसतीस तर मला कळलं तरी असतं का, इंटरनेट म्हणजे काय ते? पूस डोळे.”

तिने डोळे पुसले आणि चिरागभाईला फोन लावला. तो जराही गडबडला नाही. “अरे बेन, आप ही के लिए तो रोक के रखा है! कोई दूसरा ले जाता तो? काका को भेज दो, कल से चालू.”

आता खरी पंचाईत झाली. चिरागभाईकडे गेलं तर नाव मिळत होतं. इतक्या वर्षांची छापील खोकी, गिरण्यांच्या तोंडात बसलेलं नाव, केनियाचा खरेदीदार, सगळं त्या नावाला बांधलेलं होतं. हिलाल शेडच्या दारात उभा राहून विचार करत राहिला. मिठाई पाठवणारा, हसून बोलणारा माणूस. राहिलं त्याच्याकडे नाव, तर बिघडणार काय? पंडितचं कुठे बिघडलं होतं? बासरी तर वाजतच होती.

आत अनुसया तेलाच्या पिंपाशी बसली होती. कोपरापर्यंत हात माखलेले. तिने सगळं ऐकलं होतं.

“मन्हं नाव त्यानी लिधं? माले न इचारता?”

“हाव.”

“मंग ऱ्हाऊ द्या त्यानापासच.” तिने एक पिकर उचलून दाबून पाहिला आणि परत तेलात सोडला. “त्यानी नाव लिधं. पिकर तं नही लिधा ना?”

“अवं हर्षदानी माय, पन खोकावर काय छापानं?”

“अनसा.”

हिलाल दारातून आत आला.

“अनुसया तं फक्त रेशनकार्डवर शे. माहेरले अनसा, आठे बी अनसा. लूमवाला पोऱ्या येतस ते काय मांगतस? ‘अनसाना पिकर द्या.’ कोनी अनुसया म्हनस का माले?”

खरंच कोणी म्हणत नव्हतं. हिलाल स्वतःही म्हणत नव्हता. हर्षदा रडता रडता हसली आणि तिने लगेच पुण्याला फोन लावला. ‘अनसापिकर’ मोकळं होतं. असं नाव दुसऱ्या कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

“मालक म्हणून कोणाचं नाव घालू?” अपर्णाबाईंनी विचारलं.

हिलालने स्वतःचं नाव सांगायला तोंड उघडलं. घर त्याच्या नावावर होतं, शेड त्याच्या नावावर, फोन त्याच्या नावावर. यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पण गेला आठवडाभर तो ज्याला त्याला एकच प्रश्न विचारत फिरत होता, आणि आता तोच प्रश्न त्याला कोणीतरी विचारला होता. त्याने पिंपाकडे पाहिलं.

“अनुसया हिलाल बडगुजर,” तो म्हणाला.

“मग मला त्यांच्याशी बोलावं लागेल. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी नोंद करणार नाही.”

अनुसयेने फडक्याला हात पुसले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि फोन कानापासून जरा लांबच धरला. “हा ताई, बोला. हा. मीच. हा, मर्जी आहे माझी.” मग ती बराच वेळ ऐकत राहिली. “घरच्या माणसालाबी नाही सांगायचं?” पलीकडच्या बाई हसल्या असाव्यात, कारण अनुसयाही हसली. फोन ठेवून ती पिंपाकडे गेली.

नवे ठसे करायला दिले. केनियाचं पहिलं पार्सल नव्या नावाने गेलं तेव्हा तसं कळवणारं पत्र हर्षदाने ईमेलने पाठवलं. त्यांचं उत्तर आलं की हे नाव लहान आहे, आमच्या लोकांना उच्चारायला सोपं. चिरागभाईचा दोनदा फोन येऊन गेला, मग थांबला. पंडितने पुण्याचा नंबर मागून घेतला. बासरीवाल्या पानाचं नाव त्याला सोडून द्यावं लागलं, आणि नवीन पानावर त्याने बासरी काही लावली नाही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी तिघं पर्वत पाटियाच्या सायबर कॅफेत गेले. नोंद झाल्याचं कळलं होतं. आता मालकाने स्वतःचा गुप्त शब्द घालायचा होता. अनुसयेने इरकली लुगडं नेसलं होतं. हर्षदाने तिला खुर्चीवर बसवलं, पान उघडून दिलं आणि कुठे लिहायचं ते बोटाने दाखवलं.

“काय टाकशी?” हिलालने मागून वाकून विचारलं.

अनुसयेने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

“भीतकडे तोंड करा. दोन्हीजन.”

“मायवं, मी तरी...” हर्षदा म्हणाली.

“तू बी.”

कॅफेतली दोन-चार पोरं वळून बघायला लागली. हिलाल आणि हर्षदा मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. समोर गेल्या वर्षीचं एक कॅलेंडर टांगलेलं होतं. मागे एका बोटाने दाबलेली कळ वाजली. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी वाजली. लग्नाला इतकी वर्षं झाली, कोणता शब्द असेल, हिलाल विचार करू लागला, आणि एकाही अक्षराचा अंदाज त्याला बांधता येईना. त्याला हसू आलं. मागे वळायची त्याला काहीच घाई नव्हती.