तिसरा फेरा

भाद्रपदाच्या वद्य पक्षात वेंगुर्ल्याच्या बंदरावर उतरणारा उजेड धड उन्हाचा नसतो, धड सावलीचाही नसतो. मेघमुक्त होऊ पाहणाऱ्या आभाळातून तो झिरपतो. क्षीण, क्षारगंधी, करडा-पिवळा. माडांच्या शेंड्यांवर रेंगाळतो, कौलांवरच्या शेवाळावर टेकतो, आणि घराघरांत शिरून भिंतीवरच्या तसबिरींच्या काचांवर थांबतो. हा गेलेल्यांचा पंधरवडा. या दिवसांत गावातल्या जित्या माणसांनी जरा दबूनच राहायचे असते.

भालचंद्र मेस्त्रींच्या तसबिरींच्या दुकानात तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसे. म्हाळाच्या, म्हणजे पितरांच्या श्राद्धाच्या, आधी कुणाला नवी चौकट हवी, कुणाला तडकलेली काच बदलून हवी. वर्षभर पितरांची आठवण नाही, आणि आता प्रत्येकाला कालच हवे.

दुकानाच्या मागच्या अंगाला, खिडकीतून येणाऱ्या तिरिपेत, फोटोभोवतीचा पुठ्ठा कापायचे जुने यंत्र उभे होते. कृष्णलोहाचा पाय, दीर्घबाहू दांडा, दांड्याच्या टोकाला तीक्ष्णमुख पाते, आणि वर दोन पितळी पट्ट्या. एका पट्टीवर रुंदी लावायची, दुसरीवर उंचीचा वाढावा. मग दांडा वर्तुळ विसरे आणि पुठ्ठ्यावर लंबगोल फिरू लागे. पहिल्या फेऱ्याला रेघ. दुसऱ्या फेऱ्याला जखम. तिसऱ्या फेऱ्याला मधला तुकडा सुटून पडे आणि पुठ्ठ्यात खिडकी उघडे. त्या खिडकीत चेहरा बसे.

शहरात आता तयार कापलेले पुठ्ठे मिळत. मेस्त्री ते घेत नसत. यंत्र वडिलांचे होते, आणि वडिलांचा नियमही यंत्रासोबत आला होता: “जित्याक कोन, गेल्याक गोल.” जिवंत माणसाच्या फोटोला चौकोनी खिडकी, लंबगोल फक्त गेलेल्याला. नवे जोडपे कितीही हट्टाला पेटो, त्याला गोल मिळत नसे. लोक या नियमाला हसत, पण आपल्या पोराचा फोटो गोलात बसवा म्हणण्याची छाती कुणाची होत नसे.

सुटून पडलेले लंबगोल मेस्त्री टाकत नसत. पत्र्याच्या एका ट्रंकेत ते साठत गेले होते. शुभ्र, निर्नेत्र, निःशब्द. खारा वारा सुटला की ट्रंकेत सळसळ होई. दांडा धरला की मेस्त्रींना वाटे, हात आपला आहे, पण त्यावरचा भार वडिलांचा आहे. त्यांना त्याची भीती वाटे. कुणाला सांगायची सोय नव्हती. म्हातारा चळला म्हणून लोक मोकळे झाले असते.

अशाच एका फिकट दुपारी भामाबाय तांडेल दुकानाची पायरी चढली.

तिला सारे बंदर ओळखत होते. तिचा उत्तम मासेमारीला गेला होता. अवेळी उठलेल्या वादळातून बाकीचे परतले. उत्तम परतला नाही, आणि समुद्राने त्याचा देहही दिला नाही. त्यावर दोन पावसाळे उलटले. रोज सांजावताना, जळ काळवंडताना, ती वाळूवर उभी राही आणि किनाऱ्याला लागणाऱ्या प्रत्येक होडीला एकच शब्द विचारी, “इलो?” आला का? होडीतली माणसे खाली बघून जाळी आवरत.

तिने पदराआडून फोटो काढला. रुंद कपाळ, मिस्कील डोळे, नुकती फुटलेली मिशी.

“दीर म्हणतत, औंदा म्हाळ घालूक व्हयो. फोटो लावून घे.”

मेस्त्रींना नेहमीचा प्रश्न आज विचारवत नव्हता. तरी विचारणे भाग होते. “गोल की चौकोनी?”

ती यंत्राकडे बघत राहिली. समुद्राकडे बघत असे, तशीच. “माका कित्याक इचारतास?” ती म्हणाली. “तुमी काय ता करा.”

मेस्त्री यंत्राकडे वळले. चौकोन कापावा तर आईला खोटी आशा. गोल कापावा तर तिचे पोर आपल्या हाताने बुडवायचे. त्यांनी पुठ्ठा लावला, पट्ट्या जुळवल्या. पहिला फेरा. रेघ उमटली. दुसरा फेरा. जखम झाली. तिसऱ्याला त्यांनी दांडा धरला, आणि तो हलेना. वडिलांचा भार होता, की त्यांचेच मनगट लुळे पडले होते, त्यांना कळले नाही. ट्रंकेत सळसळ झाली. त्यांनी हात सोडून दिला.

अर्धा कापलेला पुठ्ठा त्यांनी तसाच फोटोवर ठेवला आणि चौकटीत बसवला. तसबीर झाली, पण तिच्यात चेहरा नव्हता. होता एक शुभ्र, मिटलेला लंबगोल, आणि त्याच्यामागे उत्तम.

“तुका वाटात तेव्हा बोटान ढकल,” ते म्हणाले. “आपसूक पडात. काच मगे घालतंय.”

भामाबायने ती आंधळी तसबीर छातीशी धरून नेली. दीर चिडले, शेजारणी कुजबुजल्या. त्या भाद्रपदात तिने म्हाळ घातला नाही.

वर्ष फिरले. पुन्हा तो करडा-पिवळा उजेड बंदरावर उतरला, आणि भामाबाय पुन्हा पायरी चढली. तिने मेजावर ठेवलेली तसबीर तशीच मिटलेली होती. पण लंबगोलाच्या रेघेभोवती पुठ्ठा तपकिरी, मऊ, झिजलेला होता. किनाऱ्यावरून परतल्यावर ती रोज त्या रेघेवरून बोट फिरवत असे. ढकलत नसे, नुसते फिरवत असे.

मेस्त्रींनी तसबीर उचलली, आणि मधला तुकडा आपणहून सुटून मेजावर पडला.

खिडकीत रुंद कपाळ होते. मिस्कील डोळे होते. दमट हवेने रंग थोडा उतरला होता, इतकेच. मेस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी ते पुसले नाही. भामाबाय रडली नाही. वाळूवर रोज विचारलेला तो शब्द तिने या वेळी न विचारता उच्चारला.

“इलो.”

मग तिने म्हाळाची तिथी सांगितली, आणि काच घालायला सांगितली.

मेस्त्री पडलेला लंबगोल ट्रंकेत टाकायला वळले, तर तिने हात पुढे केला. त्यांनी तो उलटून पाहिला. वर्षभर फोटोला चिकटून राहिलेल्या त्या पुठ्ठ्याच्या पाठीला रंग लागला होता. पुसट कपाळ, पुसट डोळे, पाण्याखालून वर बघणारे.

तसबीर तिने काखेत घेतली आणि तो लंबगोल पदरात बांधला. बाहेर भरती लागली होती. काखेतला भिंतीवर जाणार होता, हारात, उदबत्तीत, गेलेल्यांत. पदरातला अजून ओला होता.