मला झेला म्हणतात

मित्रांनो, मी एक जुनी लॅक्रॉसची काठी आहे. पण नुसती काठी म्हणू नका हं. माझ्या टोकाला चेंडू झेलायला चामड्याच्या वाद्यांचं जाळं आहे आणि ते जरा मानी आहे. सध्या माझा मुक्काम मिशिगनमधल्या नोव्हायला, विनय आणि रत्ना यांच्या गराजमध्ये, बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी.

माझा जन्म सेंट लॉरेन्स नदीकाठचा, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी मोहॉक लोकांच्या वस्तीतला. हिकरीच्या झाडाचा ओंडका उभा चिरला, वाफेवर मऊ केला आणि माझं डोकं हलकेच वाकवलं. मग कित्येक महिने मला नुसतं वाळत ठेवलं. घाई केली असती तर मी मोडलेच असते.

काठीच्या जाळ्यात चेंडू झेलायचा आणि फेकायचा, हा त्या लोकांचा खेळ शेकडो वर्षांचा. कुणी आजारी असलं तर त्याला बरं वाटावं म्हणूनही ते खेळायचे. मग फ्रेंच पाद्री आले. त्यांना माझ्या पूर्वजांचा बाक बिशपच्या हातातल्या वाकड्या काठीसारखा दिसला म्हणे, म्हणून त्या काठीचंच फ्रेंच नाव आम्हाला पडलं, 'ला क्रॉस'. आम्हाला विचारलं कुणी? पुढे माँट्रियलमध्ये नियम लिहिले गेले, खेळ बोटीत बसून इंग्लंडला गेला, स्कॉटलंडमधल्या मुलींच्या शाळेत रुजला आणि तिथून अमेरिकेतल्या मुलींकडे आला. ऑस्ट्रेलियात गेला, जपानमध्ये गेला. ज्यांचा खेळ, त्यांनाच मात्र एकेकाळी मोठ्या स्पर्धांतून बाजूला ठेवलं. आज ते आपल्या स्वतःच्या झेंड्याखाली खेळतात, हे ऐकलं की माझ्या वाद्या ताठ होतात.

मीही एका शाळेत पुष्कळ खेळले. मुली मला घट्ट धरायच्या, सामना संपला की गवतावर अंग टाकून मला उशाला घ्यायच्या. मग प्लॅस्टिकच्या डोक्याच्या हलक्या काठ्या आल्या. मला कपाटात टाकलं, तिथून तळघरात, आणि शेवटी घरातल्या जुन्या वस्तू विकायला मांडतात तशा एका गराज सेलमध्ये, फुटक्या कुंड्यांशेजारी.

तिथे मला राजाराम आजोबा भेटले. विनयचे वडील, कोकणातल्या लांज्याचे, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. मला पाहताच ते थबकले.

"विनय, अरे हा झेला! अमेरिकेत आंबे होतात?"

"नाही हो बाबा. आणि हा झेला नाहीये."

"काठी आहे, टोकाला जाळी आहे. झेला नाही तर काय झारा आहे?"

झाडावरचा आंबा खाली न पडता जाळीत अलगद यावा म्हणून कोकणात जी काठी वापरतात, तिला झेला म्हणतात. हे मला नंतर कळलं. मला विकत घेऊन ते घरी आल्यावर त्यांची नात अनिका खो खो हसली.

"आजोबा, दॅट्स अ लॅक्रॉस स्टिक. मी टीममध्ये हेच खेळते."

"असेल. आमच्याकडे झेला म्हणतात."

पण मैदानावर अनिकाचं हसू टिकायचं नाही. आलेला चेंडू तिच्या काठीवर आपटून उडायचा. ती काठी पुढे ढकलायची, दरवाजा लावून घ्यावा तशी. मैदानातल्या पोरी तिला 'ट्रॅम्पोलिन', म्हणजे उड्या मारायची ताणलेली जाळी, म्हणायला लागल्या होत्या. एका दुपारी सरावाहून आल्यावर तिने बूट कोपऱ्यात भिरकावले.

"आई, आय ॲम क्विटिंग. शनिवारी कोचला सांगते."

रत्नाने तिला जवळ घेतलं. "सांग. पण शनिवारपर्यंत विचार कर, बाळा."

मागच्या अंगणात सफरचंदाचं झाड होतं. आजोबांना मोरंबा करायचा होता, पण त्यांचा खांदा दुखायचा. त्यांनी मला अनिकाच्या हातात दिलं आणि स्वतः चांगल्या हाताने बागेतलं दाताळं धरून फांदी हलवू लागले. पहिलं सफरचंद माझ्यावर आपटलं आणि उडून गवतात गेलं.

"डागलं," आजोबा म्हणाले. दुसरंही डागलं. तिसरंही.

"अनिका, मारामारी करतेस काय त्याच्याशी? बिचारं इतक्या उंचावरून येतंय."

अनिकाला हसू आलं आणि तिची मूठ सैल झाली. पुढचं फळ आलं तेव्हा तिने मला त्याच्याबरोबरच खाली नेलं. माझं जाळं कित्येक वर्षांनी पोटात खोल गेलं आणि फळ आत विसावलं. मित्रांनो, मी याचसाठी जन्मले होते. मग टोपली भरेपर्यंत दोघं थांबले नाहीत.

शनिवारी अनिका सरावाला गेली, पण कोचला तिने काही सांगितलंच नाही. दोन-तीन चेंडू उडाले, पण एक तिच्या काठीत येऊन तसाच झोपला. "हाऊ डिड यू डू दॅट?" कोचने विचारलं.

"माय आजोबाज झेला," ती म्हणाली.

आता म्हणे त्या मैदानावर चेंडू जोरात आला की पोरी ओरडतात, "जेला! जेला!" 'झ' त्यांना जमत नाही. लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ शंभराहून जास्त वर्षांनी परततो आहे. तिथे मला कुणी नेणार नाही, ठाऊक आहे मला.

आजोबा लांज्याला परत गेले. जाण्याआधी त्यांनी माझ्या लाकडाला तेल चोळलं आणि अनिकाला बजावलं, "हिला पावसात ठेवू नकोस." तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. घरातली जुनी वस्तू नावाने ओळखता नाही आली तरी चालेल. फेकण्याआधी एकदा तिला हातात घ्या आणि मूठ जरा सैल ठेवा.