लेतेब्रहानचे तीन कप

मेर्हावी कॉफीला येणार म्हटल्यावर अम्लेसेत आधीच माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. ती माझी शेजारीण. एकट्या म्हाताऱ्याच्या हातची कॉफी पाहुण्याला देणं तिला पटत नाही. दाणे भाजता भाजता म्हणाली, "मास्तर, तिकडे मायदेशी जाऊन जो धडधाकट परत येतो, त्याला तिकडच्या सरकारनेच पाठवलेलं असतं. एवढं पुस्तकांत नाही लिहिलेलं?"

"लग्नाला गेला होता म्हणे."

"आणि कॅमेरा काय, आहेर म्हणून नेला?"

मेर्हावी इथल्या, गोथेनबर्गच्या वर्तमानपत्रांसाठी फोटो काढतो. आगगाड्या धुणारी आपली माणसं, पुलाखाली राहणारे रोमा भटके, असे. आता एरिट्रियातले आणि इथले चेहरे शेजारी शेजारी लावून त्याला ग्रंथालयात प्रदर्शन भरवायचं होतं, आणि त्यात माझा चेहरा हवा होता. तिकडच्या सरकारविरुद्धच्या इथल्या निदर्शनांत मी कधी तोंड उघडलं नाही, पण पत्रकं माझ्या हातची. चेहरा भिंतीवर लागला आणि कोणी ते तिकडे कळवलं, तर केरेन गावात माझी बहीण लेतेब्रहान एकटी आहे. तिला चौकशीला नेलं तर मी इथे बसून काय करणार?

तो आला. बूट दाराशी काढले आणि म्हणाला, "काय ताई, बऱ्या आहात ना?"

"मी कोणाची ताईबिई नाही. बस."

भाजलेल्या दाण्यांचा धूर त्याने रीतीप्रमाणे हाताने स्वतःकडे ओढून घेतला. पहिला कप झाल्यावर त्याने एक फोटो माझ्यापुढे ठेवला. लेतेब्रहान. अंगावर पांढरी शाल, पुढ्यात कॉफीची मातीची सुरई. केवढी वाळली होती.

"तुमची बहीण म्हणजे खरंच, मास्तर! तीन कप पाजल्याशिवाय उठू दिलं नाही."

तिसरा कप आशीर्वादाचा. तो न घेता गेलेला पाहुणा आमच्याकडे नीट गेला असं कोणी म्हणत नाही.

अम्लेसेतने फोटो माझ्या हातातून घेतला. "तीन कप? शेगडीत निखारा कुठाय? कॉफीबरोबरच्या लाह्या कुठायत? आणि कप पुसून पालथा घातलाय की तिने!"

मेर्हावीचा चेहरा उतरला. "एकच मिळाला," तो म्हणाला. "मूठभरच दाणे होते तिच्याकडे. म्हणाली, भावाला सांग तीन दिले."

हे अगदी लेतेब्रहानचं बोलणं. पण लगेच वाटलं, आमच्यासारख्यांना ओळखणारा कोणीही हे रचू शकला असता. पुस्तकात निदान मागचं पान उलटून बघता येतं. माणसं ओळखायला मी कधी शिकलोच नाही.

"चेहरा नको," मी म्हणालो. "पाठमोरा काढ."

"पाठ कोण बघणार, मास्तर?"

"पाठ आवडत नसेल तर दार तिकडे आहे," अम्लेसेत म्हणाली.

तो हसला आणि कबूल झाला. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. हिवाळ्यामुळे बाहेर दुपारीच अंधारलं होतं. मागे खट्‌ आवाज झाला, आणि समोरच्या काचेत मला माझाच चेहरा दिसला, दिव्याच्या उजेडात, सुरकुत्यांसकट. खिडकी मीच निवडली होती. की खुर्ची त्याने सरकवली होती? आठवेना.

मी वळलो नाही. हा बोलतो की गप्प बसतो, एवढंच मला बघायचं होतं. काचेत तो दिसत होता, मान खाली घालून कॅमेऱ्यात बघणारा.

"मास्तर, काचेत चेहरा आलाय," अखेर तो म्हणाला. मग अडखळत, "फोटो फार चांगला आलाय."

"पूस."

त्याने जवळ येऊन माझ्याच बोटाने तो पुसायला लावला. मग पडदा ओढला आणि दुसरा काढला.

अम्लेसेत पुटपुटली, "पुसलेलं परत आणता येतं म्हणे या यंत्रांत."

मला त्यातलं काही कळत नाही. मेर्हावी कोट घ्यायला उठला.

"बस," मी म्हणालो. "लेतेब्रहानचे राहिलेले दोन घेऊन जा."

अम्लेसेतने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण सुरईत पाणी घातलं. तो शेवटच्या कपापर्यंत सावकाश पीत राहिला. तेवढा वेळ कॅमेरा मी माझ्या मांडीवर ठेवून घेतला होता.