बटण्याचं वाचनालय

आमच्या बटण्याचं नाव शाळेच्या वाचनालयाला द्यायचं ठरलं, तेव्हा मला आधी वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय.

बटण्या माझा भाचा, दादाचा एकुलता एक मुलगा. रांगता असताना माझ्या शिवणयंत्राखाली बसून त्यानं कोटाचं बटण गिळलं, तेव्हापासून खरं नाव कागदोपत्रीच राहिलं. दादा पाणीपुरवठ्याच्या पंपावर, वहिनी दवाखान्यात नर्स. त्यामुळे पोरगं वाढलं माझ्या दुकानात, चिंध्यांच्या ढिगावर. पायाला भिंगरी, तोंडाची टकळी सतत चालू. पुस्तकाशी मात्र उभं वैर. हातात पुस्तक दिलं की दुसऱ्या पानाला डोळा लागायचा.

"अक्षरंच झोपवतात गं आत्या, माझा काय दोष?"

सैन्यात गेला तो गाड्यांच्या वेडापायी. "इतकी मोठी गाडी मला दुसरं कोण चालवायला देणार?" म्हणाला. पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा गणवेशाच्या बाह्या लोंबत होत्या. मी त्या आत घेत होते आणि हा टेबलावर बसून साहेबांच्या नकला करत होता. हसून हसून माझी शिलाई वाकडी गेली, पुन्हा उसवावी लागली.

मग युद्ध पेटलं. जखमींना मागे आणायची गाडी त्याच्याकडे होती. एका पुलावर गाडीवर तोफगोळा पडला. बटण्या तेव्हा जेमतेम तेवीसचा होता.

त्यानंतर घराला जणू कुलूपच लागलं. वहिनी कामावर जायच्या, यायच्या, सगळं नीटनेटकं करायच्या. पण त्याचं नाव काढायच्या नाहीत. मी कधी सुरुवात केलीच तर "नको ना वन्सं," एवढंच म्हणायच्या. दादा उठून रेडिओचा आवाज वाढवायचा. तिघंही एकमेकांना जपत होतो आणि त्या जपण्यात पोराची आठवणसुद्धा घरात मोठ्यानं निघेनाशी झाली.

अशी चार-पाच वर्षं गेली आणि शाळेतून निरोप आला. दादाला पंपावरून सुट्टी मिळेना, म्हणून कार्यक्रमाला वहिनी आणि मीच गेलो. वाचनालयात मुलं दाटीवाटीनं बसली होती. भिंतीवरच्या पाटीवरचा पडदा बाजूला झाला आणि मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले. माणूस भला, पण शाळेत नवा. बटण्याला त्यांनी पाहिलेलंही नव्हतं.

"त्याला लहानपणापासून वाचनाची अफाट आवड," ते म्हणाले. "मधल्या सुट्टीत मुलं मैदानाकडे धावत, हा मात्र या वाचनालयाची वाट धरी. शांत, शिस्तप्रिय, मितभाषी..."

'मितभाषी' ऐकलं आणि माझा बांध फुटला. तोंडावर रुमाल दाबला, तरी खांदे गदगदत होते. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, आता घरी गेल्यावर माझी काही खैर नाही.

तेवढ्यात मुख्याध्यापक म्हणाले, "आईंनी दोन शब्द बोलावेत."

वहिनी नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्या उठल्या. पुढे टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सर म्हणाले ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "मधल्या सुट्टीत तो रोज इथे यायचा. कारण पंखा इथेच होता."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. हसावं की नाही, कळेना त्यांना.

"त्या कपाटामागे झोपायचा. एकदा इथल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, पुस्तक फाडलं असेल. तर म्हणाल्या, अहो, झोपू दे हो, पण घोरतो फार!"

आता अख्खं वाचनालय हसलं. वहिनी थांबल्या नाहीत. त्यानं शाळेची घंटा तासभर आधी वाजवून सगळ्यांना घरी पिटाळलं होतं, ते सांगितलं. मागच्या रांगेतले एक म्हातारे शिक्षक हात वर करून म्हणाले, "मीसुद्धा गेलो होतो!"

"शिस्तप्रिय वगैरे काही नव्हता," वहिनी म्हणाल्या. "पण कुणी पडलं, कुणाला लागलं, की सगळ्यात आधी हाच धावायचा. आणि फार मजेशीर होता हो माझा मुलगा."

मुख्याध्यापक कानकोंडे झाले होते. पण त्यांनी स्वतःची खुर्ची वहिनींना दिली आणि म्हणाले, "माझं भाषण राहू द्या. तुम्हीच सांगा."

परतताना वहिनी रस्ताभर बोलत होत्या. मीही मग दुकानातलं एकेक काढलं. गिऱ्हाइकाचा तयार कोट चढवून तो आरशासमोर भाषण ठोकायचा, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सांगू दिलंत कुठे?"

त्या घराकडे न वळता थेट पंपाच्या खोलीकडे वळल्या. दादा यंत्रांना तेल देत होता. आम्हाला अवेळी पाहून दचकलाच. वहिनींनी त्याला बाकावर बसवलं आणि मोटारीच्या घरघरीवर आवाज चढवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. घोरण्याशी आल्यावर दादा हसला. नंतर चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला.

"चालायचा बदकासारखा," तो एकदम म्हणाला.

"बदकासारखा काय? चांगला ताठ चालायचा!"

"तुझ्यासमोर चालत असेल ताठ."

त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. मला दोन्हीकडून साक्षीला ओढलं. बोलता बोलता वहिनींना रडू आलं, आणि या वेळी आम्ही कुणीच त्यांना 'नको' म्हटलं नाही. रडत रडतच त्या नवी गोष्ट सांगायला लागल्या, तोवर टाकी भरल्याची घंटा वाजली. मोटार बंद करायला दादाला पलीकडे जाणं भाग होतं. तो दारापर्यंत गेला आणि मागे वळून ओरडला, "मी येईपर्यंत पुढचं सांगू नका!"