एकशे बारावा खेळाडू

काकांना सगळे काका म्हणायला लागले तेव्हा त्यांचं वय होतं अवघं एकतीस. डोक्यावरचे केस लवकर रजेवर गेले होते आणि ‘गरुड’ संघातल्या ताडमाड पोरांना आपल्या बसच्या ड्रायव्हरला नावानं हाक मारायचा संकोच वाटायचा, एवढंच त्याचं कारण.

ती बास्केटबॉलची लीग सहा संघांची. खेळाडूंना रीतसर पगार, छापील तिकिटं, मध्यंतराला बँड असा सगळा थाट होता. प्रेक्षक मात्र कधी चारशे यायचे, कधी चाळीस. दोन हंगाम कसेबसे पार पडले आणि तिसऱ्याच्या मध्यावरच लीगनं गाशा गुंडाळला. पण त्याआधीच, दुसरा हंगाम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, काकांनी कंबरदुखीचं निमित्त सांगून नोकरी सोडली होती. पुढं तीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली आणि लीगबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही.

एका रविवारी सकाळी फोन वाजला. मुलीनं घेतला. पलीकडे एक बाई होत्या. तरुणपणी त्या लीगच्या सामन्यांना दारात उभ्या राहून तिकिटं फाडायच्या, मग जन्मभर ग्रंथपाल होत्या, आणि आता निवृत्तीनंतर लीगचा इतिहास लिहीत होत्या. लीगमध्ये एकूण एकशे बारा जण खेळले होते. एकशे अकरा जणांचा पत्ता लागला होता. राहिलेल्या एकाचं नाव नोंदवहीत नुसतं ‘काका’ असं होतं. बसच्या जुन्या मेकॅनिकला गाठून बाईंनी हा नंबर मिळवला होता.

मुलीनं फोनवर हात ठेवला. “बाबा, तुम्ही बास्केटबॉल खेळायचात?”

वाटाणे सोलणाऱ्या काकूंचे हात थांबले.

“एकदाच,” काका म्हणाले. “चाळीस मिनिटं.”

मग सगळं बाहेर आलं. दुसऱ्या हंगामातला शेवटचा सामना, समोर ‘पोलाद’ संघ. आदल्या दिवशीचं जेवण बाधलं आणि गरुडचे नऊपैकी पाच खेळाडू हॉटेलात आडवे झाले. पाच जण उभे राहिल्याशिवाय सामना सुरूच होत नाही. तेव्हा कप्तानानं, ज्याला सगळे खांब म्हणायचे, काकांना तेरा नंबरची जर्सी घातली. ती गुडघ्यापर्यंत आली. कोपऱ्यात उभं राहायचं आणि चेंडूला हात लावायचा नाही, एवढंच त्यानं बजावलं होतं.

अडतीस मिनिटं काकांनी शब्द पाळला. मग चेंडू कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटून थेट त्यांच्या हातात आला. समोर बास्केट, आणि अडवायला चिटपाखरू नाही. काकांनी देवाचं नाव घेऊन चेंडू फेकला. तो कडेला न शिवता आत गेला. मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. बास्केट आपलीच होती. गरुड एका गुणानं हरला. परतीच्या वाटेवर बसमध्ये कुणी चकार शब्द बोललं नाही, आणि तो अबोला काकांनी आजवर उराशी जपला होता.

काकूंचे खांदे हलत होते. शेवटी डोळे पुसत त्या म्हणाल्या, “मला वाटायचं, या माणसाच्या पोटात लपवण्यासारखं काही नाहीच.”

लीगवाल्यांचा मेळावा पुढच्याच महिन्यात होता. काका नको म्हणाले. काकूंनी सांगितलं की त्या जाणार आहेत, यांना यायचं तर यावं.

लीगचे सामने व्हायचे तो हॉल आता जुन्या फर्निचरचं दुकान झाला होता. कपाटांच्या रांगांखालून मैदानाच्या पांढऱ्या रेषा अजून डोकावत होत्या. साठेक जण जमले होते. काही पोट सुटलेले, काही काठी टेकणारे, पण जवळपास सगळेच दाराच्या चौकटीत वाकून आत येत होते. काका एका आरशाच्या कपाटाआड उभे राहिले. तिथंच त्यांना पोलादच्या कप्तानानं गाठलं. हा माणूस पूर्वी तोफ म्हणून गाजलेला, आता चष्म्याचं दुकान चालवायचा.

“तुमची माफी मागायची आहे,” तोफ म्हणाला. “आपल्याच बास्केटमध्ये टाकलेले गुण समोरच्या कप्तानाच्या नावावर चढतात, असा नियम आहे. त्या हंगामात माझे चारशे बारा झाले आणि तुमच्या खांबाचे चारशे अकरा. सर्वाधिक गुणांचा चषक माझ्या दुकानात काचेमागं आहे. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा माझी जीभ अडखळते.”

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे सामना तर घालवलाच, वर कप्तानाच्या तोंडचा चषकही पळवला. ते तडक खांबाकडे गेले. तो विकायला ठेवलेल्या एका पलंगावर पाय पसरून बसला होता, पाय तरीही बाहेर आले होते. काकांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

“काका, बसा आधी,” खांब म्हणाला. “तो नियम त्या दिवशी गुण लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हता. मीच त्याला सांगितला.”

“तू?”

“मग काय, खोटं लिहू द्यायचं? आणि तुम्ही जर्सी घातली नसती तर सामनाच झाला नसता. चौघांनी पोलादला शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजवलं, ही गोष्ट मी नातवंडांना अजून सांगतो. तुम्हाला सांगायला दुसऱ्या दिवशी आलो, तर तुम्ही कंबर धरून पसार.”

“पण बसमध्ये कुणी बोललं नाही रे.”

“सगळे झोपलो होतो. चाळीस मिनिटं चौघं धावलो होतो, काका.”

काका पलंगावर मटकन बसले आणि हसायला लागले. एवढे हसले की तोफही येऊन टेकला आणि पलंग कुरकुरला.

तेवढ्यात इतिहासवाल्या बाई वही घेऊन आल्या. त्यांना काकांचा रकाना भरायचा होता. सामने एक, गुण शून्य.

“शून्य कसं?” काकू मध्ये पडल्या. “चेंडू आत गेला ना?”

बाईंनी नियम समजावला. काकूंनी तो नीट ऐकून घेतला आणि मुळीच मानला नाही. नियम गुणांचा आहे, नेमाचा नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. दोन्ही कप्तानांनी मान डोलावली. अखेर बाईंनी पेन्सिल काढली आणि लिहिलं: सामने एक, गुण शून्य, अचूक नेम एक.

घरी परतताना काकूंनी खिडकीची काच वर घेतली, म्हणजे वाऱ्याचा आवाज नको.

“आता पहिल्या मिनिटापासून सांगा,” त्या म्हणाल्या. “काही गाळू नका.”

काकांनी घसा साफ केला आणि जर्सी घालण्यापासून सुरुवात केली.