सातवा डबा

फुंकरबाबाने सहावा डबा उघडला तेव्हा आदर्शच्या पोल्ट्रीसमोर शंभरेक माणसं श्वास रोखून उभी होती. आतून एकही माशी उठली नाही.

"जीव ओढून घेतला म्या त्यांचा," बाबा म्हणाला. "एकदा फुंकरीनं इमान खाली आनलंतं. माशी काय चीज हाय?"

विमानाचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही, पण हात मात्र सगळ्यांचे जोडले गेले. निपाणी-सदलगा रस्त्यालगतच्या या वाडीत दोन महिने माश्यांनी उच्छाद मांडला होता. ताटात माशी, पाळण्यात माशी, आजाऱ्याच्या ओठावर माशी. वैतागलेल्या गल्लीने बाबाला आणलं आणि बाबाने सात घरांना हुकूम सोडला. ज्या डब्यावर घरचं पोट चालतं तो रिकामा करायचा. धुवायचा नाही, लक्ष्मी जाते. आपापल्या उकिरड्यातून माशीचे दाणे वेचून त्यात घालायचे. लालसर, ताजे घ्यायचे, काळपट नकोत. हे दाणे म्हणजे माशीचे कोष. अळी पोसली की गव्हाएवढ्या कवचात बंद होते आणि चार-पाच दिवसांत माशी होऊन बाहेर पडते. सातही डब्यांना मलमल बांधून बाबाने त्याखालून आपली बांबूची नळी सरकवली, एकेक फुंकर घातली आणि डबे सात दिवस देवळात ठेवले.

आता सातवा डबा. तो दुर्गाबाईंचा. साठीची विधवा बाई, विड्या वळून एकटी राहणारी. मलमल सुटली आणि वीस-पंचवीस माश्या बाहेर आल्या. झिंगलेल्या माणसासारख्या त्या काठावरून घसरत, पडत उडाल्या.

सगळे डब्याकडे बघत होते. शाळेत विज्ञान शिकवणारी मंगल मात्र बाबाकडे बघत होती. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. क्षणभर त्याने हातातल्या नळीकडे असं पाहिलं, जसं काही तिनेच दगा दिला. पण असली माणसं पडली तरी नाक वर.

"गावली," तो ओरडला. "करनी हितं हाय. आवसेच्या आत हिनं गाव सोडला न्हाय, तर माश्या दुप्पट हुतील. बाकीचं डबं दुधगंगेत सोडा."

"मी कुनाचं काय केलं रं?" दुर्गाबाई म्हणाल्या.

मंगलची आई शेतावर असायची तेव्हा याच बाईने तिला भाकरी भरवली होती. बाई जाणार कुठे? ना माहेर उरलं, ना पोरबाळ. मंगल आपल्या घरचा डबा घेऊन नदीपर्यंत गेली आणि तशीच परत आली. कोष तिने काचेच्या बरणीत ओतले, वर फडकं बांधलं. बाबा घाबरला का होता, एवढंच तिला कळायला हवं होतं.

दुर्गाबाईंचं दूध बंद झालं. त्या नळावर आल्या की बाया घागरी उचलून बाजूला होत. मंगल रोज सकाळी बरणी बघे आणि रोज त्यात काहीच नसे. अमावास्या चार दिवसांवर आली, तीन दिवसांवर आली. मंगलला रडू येऊ लागलं.

अमावास्येच्या आदल्या सकाळी फडक्याला आतून काळे ठिपके चिकटलेले दिसले. मुंगीपेक्षा बारीक, पंख असलेले किडे. कोषांना टोकदार सुईने पाडावं तसं एकेक गोल भोक होतं. तिने फोटो काढून कीटकशास्त्राच्या एका प्राध्यापिकेला पाठवले. अर्ध्या तासात उत्तर आलं. ही गांधीलमाशीची इवलीशी जात. माणसाला चावत नाही. मादी माशीच्या कोषाला भोक पाडून आत अंडं घालते. तिची अळी आतली माशी खाऊन संपवते आणि दोन-तीन आठवड्यांनी माशीऐवजी हीच बाहेर येते. काही ठिकाणी पोल्ट्रीवाले त्या मुद्दाम विकत आणून सोडतात.

म्हणजे नळीत मंत्र नव्हता, किडे होते. पण मग सातव्या डब्यात ते का चालले नाहीत? मंगल धावत दुर्गाबाईंकडे गेली. त्या भांडी पोत्यात भरत होत्या.

"मावशी, तुमचा डबा कसला होता?"

"तंबाकूचा. माझं पोट दुसऱ्या कशावर चालतंय? धुवू नगं म्हनला, म्हनून तसाच दिला." मग त्या थांबल्या. "कोंबड्यांवर लिखा पडल्या की आमी तंबाकूचंच पानी मारत हुतो की गं."

म्हणजे बाबाचे किडे तंबाखूने मेले आणि कवचातल्या माश्या वाचल्या!

अमावास्येला सकाळीच आदर्श दुर्गाबाईंच्या दाराला लावायला कुलूप घेऊन आला, मागे बाबा आणि सगळी गल्ली. मंगलने ओट्यावर दोन काचेचे ग्लास ठेवले. एकात दुर्गाबाईंच्या सुपातली चिमूटभर तंबाखूची भुकटी टाकली.

"बाबा, दोन्हीत फुंका."

"मंतर काय खेळ हाय व्हय?" बाबा नळी पिशवीत कोंबू लागला.

गल्लीतले थोरले मारुतीराव पुढे झाले. "फुंक की. इमान पाडतोस, आन् गिलासाला भितोस?"

त्यांनी नळी घेऊन मंगलच्या हातात दिली. तिने बूच काढून नळी दोन्ही ग्लासांवर ठोकली. काळे ठिपके टपटप पडले आणि चालू लागले. तिने दोन्हीवर मलमल बांधली. दहा मिनिटं गेली, किडे दोन्हीकडे फिरतच होते. बाबाच्या चेहऱ्यावर रंग परत आला. आदर्शने कुलूप या हातातून त्या हातात घेतलं. दुर्गाबाईंनी पोत्याचं तोंड बांधलं.

पाऊण तासाने तंबाखूच्या ग्लासात पहिला किडा उताणा झाला. मग दुसरा. मग एकही हलेना. शेजारच्या ग्लासात सगळे तुरुतुरु चालत होते.

मंगलने सगळं उलगडून सांगितलं. भोकं पडलेले कोष बरणीसकट हातोहात फिरले. बाबा पूर्वी एका पोल्ट्रीवर कामाला होता, हेही त्याला कबूल करावं लागलं. सातव्या डब्याने त्याची फजिती केली तेव्हा ती झाकायला त्याने एका बाईचं घर पुढे केलं होतं.

मारुतीरावांनी तंबाखूचा ग्लास उचलून पाहिला. "म्हंजे डबा माझा तंबाकूचा असता तर?"

"तर कुलूप तुमच्या दाराला, आप्पा."

त्यांनीच पुढे होऊन बाबाला मोटारसायकलवर बसवून पोलीस ठाण्याकडे नेलं.

"माश्या आल्या त्या तुझ्या शेडखालच्या ओल्या खतातून, आदर्श," मंगल म्हणाली. "ते उपस, वाळव. हे जिवंत किडेही तिथेच सोड, ते त्यांचं काम करतील."

आदर्श दुर्गाबाईंच्या पाया पडायला वाकला. त्या मागे सरकल्या.

"पाया पडू नगं. कुलूप दे हिकडं."

त्यांनी ते उघडं कुलूप दाराबाहेरच्या खुंटीला अडकवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. ते अजून तिथेच आहे.

माशी उकिरड्यात जन्मते, कुणा बाईच्या मनात नाही. ज्याला चमत्कार म्हणतात त्याच्यापुढे आधी दोन ग्लास ठेवावेत आणि तासभर थांबावं. कुणाच्या दाराला कुलूप लावण्याआधी एवढं तरी आपण एकमेकांचं देणं लागतो.